सेंद्रिय भाजी : पाटीपेक्षा जबान मोठी

आमचा धंदा कापडाचा. भाजीबाजाराशी आमचा संबंध पिशवी घेऊन जाण्यापुरताच. तरीही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण माल कोणताही असो, धंद्याचा पाया एकच असतो.

सन 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यानंतर अनेक शहरांत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. शेतकरी स्वतः माल आणतो, स्वतः विकतो आणि रोख पैसे घेऊन गावी जातो. ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. या बाजारांत 'सेंद्रिय' अशी पाटी लावलेली भाजीही असते व तिचा भाव चढा असतो. त्याला आमची हरकत नाही. रासायनिक खत सोडल्यावर सुरुवातीची वर्षे उत्पन्न घटते, निंदणीची मजुरी वाढते. हा खर्च गिऱ्हाईकाने द्यायलाच हवा.

प्रश्न आहे तो ओळखण्याचा. कापडाचे त्या मानाने सोपे. धागा जाळून पाहिला तर सुताला जळक्या कागदाचा वास येतो व राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. मेथीच्या जुडीची अशी परीक्षा कोण करणार? औषधाचा अंश शोधायला प्रयोगशाळा लागते. सरकारची सहभाग हमी पद्धती आहे. तीत किमान 5 शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. परंतु 2017 च्या नियमांनी थेट विक्री करणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. म्हणजे तेथे त्याची जबान हेच प्रमाणपत्र!

एकदा मे महिन्यात अशाच एका पाटीखाली हिरवागार वाटाणा पाहिला. विचारले, तर "घरच्या शेतातला" असे उत्तर मिळाले. ऐन उन्हाळ्यात आपल्याकडच्या सपाट मुलखात वाटाणा कोठून आला? आम्ही पिशवी रिकामीच घेऊन परतलो. नुकसान आमचे झाले नाही. शेजारी गवार व दुधी घेऊन बसलेल्या खऱ्या शेतकऱ्याचे झाले, कारण त्या दिवशी आमचा त्याच्यावरचाही भरवसा उडाला.

पण दोष एकट्या विक्रेत्याचा नाही. बारमाही फ्लॉवर आणि वाटाणा मागणारे आपणच आहोत. गिऱ्हाईक हटून बसले की दुकानदार खोटे बोलायला शिकतो, हे आम्ही गल्ल्यावर बसून पाहिले आहे. पावसाळ्यात टाकळा व कंटोली, हिवाळ्यात मेथी, मुळा व पावटा, उन्हाळ्यात भोपळा व गवार असे ऋतूप्रमाणे खाल्ले, तर अर्धी फसवणूक आपोआप थांबेल. हंगाम हीच सामान्य माणसाची प्रयोगशाळा आहे.

शेतकरी बांधवांना विनंती एवढीच की पाटीवर गावाचे नाव व तोडणीचा दिवस लिहा. फवारणी केली असेल तर तसे सांगा. मंडईतून आणलेला माल मंडईचा म्हणूनच विका. मालातील ऐब सांगून विकणाऱ्याचे एक गिऱ्हाईक कदाचित जाईल, पण राहिलेले पिढ्यान्‌पिढ्या येतील. कापडाच्या गादीवर आम्ही हेच शिकलो.