तांबे आपले, विष कोणाचे?

झांबियाच्या कॉपरबेल्ट प्रांतात चांबिशीजवळ 18 फेब्रुवारी 2025 रोजी खाणीचा गाळ अडवणारा एक बांध फुटला. सिनो-मेटल्स लीच या चिनी मालकीच्या तांबे कंपनीचा तो बांध. सरकारी आकड्यानुसार सुमारे पाच कोटी लिटर आम्लयुक्त सांडपाणी म्वांबाशी ओढ्यातून काफुए नदीत उतरले. मासे मरून काठाला लागले, नदीकाठची मक्याची शेते करपली, किटवे या मोठ्या औद्योगिक शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. आम्लाचा जोर मोडण्यासाठी हवाई दलाच्या विमानांतून पाण्यात चुना टाकण्याची वेळ आली. पुढे कंपनीनेच पाहणीसाठी नेमलेल्या संस्थेने बाहेर पडलेल्या विषारी गाळाचा आकडा याच्या कितीतरी पट असल्याचे सांगितले; कंपनीने तो नाकारला. देशातील निम्म्याहून अधिक जनता काफुएच्या खोऱ्यात राहते. त्या जनतेला आज आपल्या विहिरीत नेमके काय उतरले आहे, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

पुण्याजवळच्या दापोडीत ही बातमी परक्या मुलखाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर दापोडीतच सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को या स्वीडिश उद्योगसमूहांनी आपले बस्तान बसवले. खडक फोडण्याची आणि भोके पाडण्याची यंत्रे ही या दोघांची जगभरची जुनी ओळख. अ‍ॅटलास कॉप्कोने खाणयंत्रांचा व्यवसाय 2018 मध्ये एपिरॉक या नावाने वेगळा केला. खाणकामाशी दापोडीचे नाते असे जुने आहे. त्याहून मोठे नाते वापराचे. दापोडीपासून भोसरी, आकुर्डी, चाकणपर्यंतचा सारा पट्टा तांब्यावर चालतो. भोसरीतल्या एखाद्या रिवाइंडिंगच्या दुकानात उभे राहून पाहावे. जळालेली मोटर उघडली की कारागीर स्टेटरमधली काळवंडलेली वायंडिंग छिन्नीने कापून ओढून काढतो आणि लोखंडात मिसळू न देता वेगळ्या पोत्यात टाकतो. मग खाचांत लेदरॉइडचा कागद बसतो, नव्या तारेचे वेढे मोजून भरले जातात, वार्निश लागते आणि मोटर भट्टीत जाते. जुन्या तांब्याचा किलोकिलोचा हिशेब त्या दुकानात चोख असतो. हा धातू इतका मोलाचा, की शेतातील रोहित्र फोडून आतल्या कॉइल पळवणाऱ्या टोळ्या राज्यभर फिरतात.

विजेच्या गाड्यांमुळे ही भूक आणखी वाढली आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत 20 ते 25 किलो तांबे लागते. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीत ते सुमारे 80 किलोवर जाते. आकुर्डीत विजेवरची चेतक तयार होते, चाकणमध्ये महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी तयार होतात. धूर कमी करणाऱ्या या गाड्यांचे स्वागतच केले पाहिजे. पण आपल्या रस्त्यावरचा धूर कमी होताना दुसऱ्या कोणाच्या नदीत आम्ल वाढत असेल, तर त्या स्वच्छतेचा हिशेब अर्धाच मांडला गेला आहे.

झांबियाचा तांब्याशी संसार शंभर वर्षांच्या घरात आहे आणि त्या संसारात त्या देशाच्या हाती फारसे काही उरलेले नाही. 1964 मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा खाणी परकीय कंपन्यांच्या ताब्यात होत्या. 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी खाणींत 51 टक्के वाटा सरकारकडे घेण्याची घोषणा केली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तांब्याचे भाव कोसळले, कर्ज चढत गेले आणि शेवटी कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या दबावाखाली 1997 नंतर खाणी तुकड्यातुकड्याने विकल्या गेल्या. त्या वेळच्या करारांत काही कंपन्यांना अवघे 0.6 टक्के स्वामित्वशुल्क आणि पुढील अनेक वर्षे कर न वाढवण्याची हमी दिली गेली. काही वर्षांतच तांब्याचे भाव कडाडले. त्या तेजीचा मलिदा कंपन्यांनी खाल्ला. तांब्याच्या खाणींवर बसलेल्या या देशावर 2020 मध्ये परकीय कर्जाचे हप्ते थकवण्याची वेळ आली.

मालक बदलले, तरी गाळाचा प्रश्न तसाच राहिला. खाणीतून काढलेल्या शंभर टन खनिजात तांबे असते जेमतेम एक-दोन टन. उरलेला खडक दळला जातो आणि रसायने मिसळलेला तो चिखल बांधामागे साठवला जातो. खाण बंद पडली तरी तो बांध सांभाळावा लागतो, पिढ्यानपिढ्या. 25 सप्टेंबर 1970 रोजी मुफुलिरा येथे असाच साठलेला गाळ खचून जमिनीखालच्या खाणीत घुसला आणि 89 कामगार गाडले गेले. त्या काळी तेथे सरकारी वाटा असलेली कंपनी होती. 2025 मध्ये काफुए नासवली ती चिनी मालकीच्या कंपनीने. म्हणून हा प्रश्न मालकाच्या राष्ट्रीयत्वाचा नाही. कोणीही मालक असो, त्याला जाब विचारणारी यंत्रणा दुबळी आहे, हे दुखणे आहे. चिनी कंपनीकडे बोट दाखवून आपल्याला सुटता येत नाही, कारण त्याच काफुएच्या काठी एका भारतीय उद्योगपतीची कंपनीही आहे.

मुंबईत भंगाराच्या व्यापारातून उभे राहिलेल्या अनिल अग्रवाल यांच्या वेदान्त समूहाने 2004 मध्ये चिंगोला भागातील कोंकोला कॉपर माइन्सचा 51 टक्के वाटा विकत घेतला. 2006 मध्ये तेथील गाळवाहिनी फुटून नदीचे पाणी दूषित झाले. आपले पाणी आणि शेती नासवल्याची तक्रार घेऊन सुमारे 1,800 गावकऱ्यांनी पुढे थेट लंडनच्या न्यायालयाचे दार ठोठावले. खाण चालवते ती झांबियातील उपकंपनी, आमच्यावर खटला इथे चालू शकत नाही, अशी वेदान्तची भूमिका होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी ती फेटाळली. उपकंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवत असल्याचे मूळ कंपनी जाहीरपणे सांगत असेल, तर तिच्यावर गावकऱ्यांप्रती जबाबदारी येऊ शकते, आणि या गरीब वादींना झांबियात प्रत्यक्ष न्याय मिळण्याची शक्यता पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी 2021 मध्ये, जबाबदारी मान्य न करता, कंपनीने तडजोड केली. दरम्यान मे 2019 मध्ये झांबिया सरकारने ती खाण अवसायकाच्या हाती सोपवली होती. 2024 मध्ये ती पुन्हा वेदान्तकडे आली, मोठ्या गुंतवणुकीच्या आश्वासनासह. त्या आश्वासनातील किती पैसा जुने बांध सुरक्षित करण्यावर खर्च होतो, हे पाहणे आता भारतीयांचेही काम आहे.

महाराष्ट्राला या कहाणीचा पहिला अध्याय पाठ असायला हवा. याच समूहाच्या स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्ध करण्याचा कारखाना आधी रत्नागिरीत येणार होता. हापूसच्या बागा आणि खाडीतील मासळी यांच्या काळजीने आंबा बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि 1993 मध्ये बांधकाम थांबवावे लागले. कोकण वाचले. कारखाना मात्र तमिळनाडूत थूथुकुडीला गेला. तेथे दोन दशके तक्रारी होत राहिल्या. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल 100 कोटी रुपयांचा दंड केला. 22 आणि 23 मे 2018 रोजी आंदोलकांवर झालेल्या पोलिसी गोळीबारात 13 जणांचा जीव गेला. त्यानंतर कारखान्याला कुलूप लागले आणि ते उघडण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी नाकारली. रत्नागिरीकरांचा विरोध रास्तच होता. पण आपल्या दारातून धोका गेला की आपले काम संपले, या समजुतीची किंमत थूथुकुडीने मोजली. 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा तळेगावसाठी चर्चेत असलेला प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा राज्यात केवढा गदारोळ झाला! प्रकल्प कोणी पळवला याचीच त्यात चर्चा होती. या समूहाचा झांबिया आणि थूथुकुडीतील पूर्वेतिहास त्या कोलाहलात ऐकूच आला नाही.

थूथुकुडीचा कारखाना बंद पडल्यावर शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला. मलांजखंड आणि खेतडीच्या खाणी देशाची गरज भागवू शकत नाहीत. म्हणून केंद्र सरकारने तांब्याचा समावेश महत्त्वाच्या 30 खनिजांत केला, जानेवारी 2025 मध्ये अशा खनिजांसाठी राष्ट्रीय अभियान मंजूर केले, आणि झांबियाने तांबे व कोबाल्टच्या शोधासाठी सुमारे 9,000 चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताला देऊ केले. उद्या तेथे खाण लागली, तर ती भारताच्या नावाने ओळखली जाईल. तिचा गाळही भारताच्याच नावावर जमा होईल.

खाणी नकोतच, असे झांबियाची जनता म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. त्या देशाच्या निर्यातीचा बहुतांश पैसा तांब्यातून येतो. कॉपरबेल्टमधील घराघरांतील चूल खाणीवर पेटते. मोपानीसारखी मोठी खाण 2024 मध्ये गुंतवणूकदार मिळाला म्हणूनच सावरू लागली. विजेवरची वाहने, पवनचक्क्या, सौर पॅनेल यांना तांबे लागणारच. पर्यावरणाच्या अटी घातल्या तर तांबे महाग पडेल आणि चीन पुढे निघून जाईल, असा युक्तिवाद केला जातो. पण बांध भक्कम बांधण्याचा खर्च खाणीच्या हिशेबात धरला नाही, तर तो खर्च टळत नाही. तो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या माथी जातो. स्वस्त तांबे म्हणजे ज्याची किंमत दुसऱ्याने भरली ते तांबे. आणि आफ्रिकेत भारताची पत टिकायची असेल, तर आपण चीनपेक्षा बरे वागतो हे दाखवण्यातच टिकेल.

हानीची जबाबदारी मूळ कंपनीने घ्यावी, हे सांगण्याचा अधिकार भारताला आहे, कारण आपण दुसऱ्या बाजूला उभे राहिलो आहोत. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आपले सरकार अमेरिकेच्या न्यायालयात गेले होते. युनियन कार्बाइडने भारतीय उपकंपनीकडे बोट दाखवून अंग काढून घेऊ नये, असे आपण तेव्हा तळमळून सांगत होतो. तिथले दार बंद झाले आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरच्या तडजोडीवर बोळवण झाली. तो अन्याय अजून सलतो. असे असताना, भारतीय कंपनीच्या परदेशातील उपकंपनीने केलेल्या हानीबद्दल मूळ कंपनीला भारतीय न्यायालयात उत्तरदायी धरणारा स्पष्ट कायदा आपण आजवर केलेला नाही. चिंगोलाच्या शेतकऱ्याला लंडन गाठावे लागले. भारतीय खाणीने नाडलेल्या शेतकऱ्याने उद्या कोठे जावे?

काही गोष्टी दापोडी ते चाकणच्या याच पट्ट्यात सुरू होऊ शकतात. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. त्यांच्या मायदेशात, जर्मनीत, पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची काळजी घेण्याचा कायदा 2023 पासून लागू झाला. आपल्याकडे सेबीने बड्या सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, पण पुरवठादारांच्या साखळीची माहिती ऐच्छिक ठेवली. ती सक्तीची व्हावी. त्याचा कागदी भार भोसरीतल्या दहा कामगारांच्या वर्कशॉपवर मात्र टाकू नये. तांब्याची सळई आणि तार घाऊक विकत घेणाऱ्या केबल, मोटर आणि वाहन कंपन्यांनी ती जबाबदारी उचलावी. मराठा चेंबरने त्यासाठी एकसारखा नमुना तयार करून दिला, तर लहान उद्योजकांचीही सोय होईल.

जुने तांबे हीसुद्धा एक खाणच आहे आणि ती आपल्या अंगणात आहे. भंगारातून तांबे मिळवायला खनिजापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते आणि गाळाचे बांध लागत नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील भंगार दुकाने, गोदामे आणि लहान कारखान्यांची हजारो बांधकामे पाडली. आगी आणि प्रदूषण यांबाबतच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण उघड्यावर तार जाळून तांबे काढणे बंद करायचे, तर सोलण्याची यंत्रे, धूर शोषणारी भट्टी आणि कायदेशीर जागा असलेले भंगार संकुल द्यावे लागते. महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी ते आता उभारावे. दापोडीजवळ मुळेला मिळणाऱ्या पवनेच्या पाण्यावरचा फेस आणि मेलेले मासे आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. आपल्या नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांवर कारवाईचा आग्रह धरणाऱ्यांनीच काफुएबद्दल बोलावे. तेव्हा त्या बोलण्याला वजन येईल.

केंद्र सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. झांबियाशी होणारा प्रत्येक खाणकरार जनतेसमोर मांडावा. गाळाच्या बांधाची स्वतंत्र तपासणी, स्थानिक गावांची संमती आणि खाण बंद झाल्यानंतरच्या देखभालीची आगाऊ ठेव या तीन अटी त्यात असाव्यात. परदेशातील हानीबद्दल भारतीय मूळ कंपनीवर येथे दावा करता येईल असा कायदा, पहिली कुदळ पडण्याआधी, संसदेने करावा. कायद्याला वेळ लागेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोठ्या उद्योगांना मात्र थांबण्याचे कारण नाही. तांबे कोणत्या खाणीतून आले हे लेखी कळवण्याची अट त्यांनी आपल्या पुढच्या खरेदी करारातच घालावी.