माळरानाला ‘पडीक’ कोणी ठरविले?

झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे असे एकदा ठरले, की ती कोठे लावायची आणि कोणाच्या पायाखालची जमीन काढून लावायची, हा प्रश्न विचारणारा पर्यावरणाचा शत्रू ठरतो. महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा गाजावाजा झाला, तेव्हा खड्ड्यांची आणि रोपांची मोजदाद सर्वांनी केली. त्या जमिनीवर आधी काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही. हा प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या एका शास्त्रज्ञाची ओळख आमच्या वाचकांना असावी, असे आम्हाला वाटते. त्यांचे नाव विल्यम बाँड. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे वनस्पती आणि परिसर यांच्या नात्याचा अभ्यास केला.

गोऱ्या साम्राज्यांच्या वनशास्त्राने एक समजूत जगभर पेरली होती. जेथे पाऊस बऱ्यापैकी पडतो पण जंगल नाही, तेथे पूर्वी जंगल होते आणि ते कोणीतरी बिघडविले! बिघडविणारा कोण? अर्थातच तेथला काळा गुराखी, आग लावणारा आदिवासी. मादागास्कर बेट माणूस येण्यापूर्वी पूर्णपणे जंगलाने झाकलेले होते, असे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात मांडले, आणि तेथील गवताळ प्रदेशाचे पाप रहिवाशांच्या माथी मारले. हिंदुस्थानातील इंग्रजी वनखात्याचा गुराख्यांकडे बघण्याचा डोळाही हाच होता.

बाँड यांनी या समजुतीचा पायाच उखडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये संगणकावर हिशेब मांडला, की पृथ्वीवर आगच नसती तर काय झाले असते? उत्तर आले की घनदाट जंगलाचा वाटा २७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेला असता. म्हणजे गवताळ प्रदेशाचा मोठा भाग हा केवळ हवामानाने नव्हे, तर आगीने राखलेला आहे. वाळलेले गवत पेटते, झाडाचे कोवळे रोप वरून जळते, मुळातून पुन्हा फुटते, पुन्हा जळते. ज्वाळेच्या वर डोके काढण्याची संधी मिळाली तरच त्याचे झाड होते. ही आग काही माणसानेच आणलेली नाही. वीज पडून वणवे लागतच होते. उन्हाळी गवतांचे हे प्रदेश सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीपासून पसरत गेले. तेव्हा दोष द्यायला गुराखी जन्मालाही आला नव्हता! मादागास्करचे गवतही माणसाहून प्राचीन आहे, हे बाँड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले.

भारताशी त्यांचा संबंध थेट आहे. बंगळुरूच्या जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांच्यासह अनेकांनी २०११ मध्ये लिहिलेल्या निबंधाचे बाँड हे एक लेखक आहेत. ज्याला जंगल म्हणतात ते कित्येकदा झाडे विखुरलेले गवताळ रानच असते आणि हा फरक न ओळखल्यास धोरण चुकते, असा त्याचा आशय. पण धोरण ऐकते कोठे? केंद्र सरकारच्या हरित पत योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत वनखात्याच्या ताब्यातील खुरट्या झुडपांची आणि ‘पडीक’ जमीन लागवडीसाठी धरली, आणि हेक्टरी किमान ११०० झाडांचा दर ठेवला. इतक्या सावलीत मारवेल, पवना, कुसळी तग धरत नाही. गवत गेले की धनगराची मेंढरे कोठे जाणार, याचा रकाना त्या कागदात नाही.

आता आमच्या घरातली अडचणही सांगितली पाहिजे. ‘पडीक’ हा शब्द आम्हीही वापरला आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये सरकारी बिनलागवडीच्या जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाने १९६४ मध्ये तुरुंग भरले. गायरानावरील १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. गावाने चांगली जमीन दिली नाही म्हणून आमचा माणूस माळावर गेला आणि तेथे ज्वारी, तूर पिकवून जगला. नांगराने गवत मोडते, हे शास्त्राच्या दृष्टीने खरेच आहे. पण शेकडो एकरांच्या बागायतदाराला सोडून दोन एकरांच्या गायरानधारकाला माळाच्या ऱ्हासाचा आरोपी करणे आम्हाला मान्य नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात ८४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावेच्या गावे, शेते, घरे अडकली होती. गवताचे महत्त्व पटले म्हणजे माणसांचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये, मंडेला यांच्या राजवटीत, परक्या झाडांनी शोषलेले पाणी वाचविण्यासाठी एक योजना काढली. वॅटल आणि पाइन तोडण्यासाठी गरिबांना मजुरी! आपल्याकडे वेड्या बाभळीखाली गेलेली गायराने साफ करायला अशी मजुरी कोणी देऊ केली आहे काय? तोपर्यंत आमचे म्हणणे इतकेच, की रोपांचा ट्रक गावात येण्यापूर्वी त्या जमिनीचा सातबारा, ती कसणाऱ्यांची व तेथे चारणाऱ्यांची नावे आणि तिच्यावरील गवतांची यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवा, आणि नकार आला तर ट्रक परत न्या.