चिखलवाटेचे वाहन निवडताना ओढीआधी तोल पाहावा

पावसाळ्यात बागेकडे जाणारी वाट चिखलात बुडाली की बैलगाडी अडते, मोटारसायकल घसरते आणि खताचे पोते डोक्यावरून न्यावे लागते. अशा वेळी चारी चाकांना ओढ असलेले, अरुंद वाटेने जाणारे हलके वाहन दाराशी असावे, असे बागायतदारास वाटणे स्वाभाविक आहे. परदेशांत ज्यास ‘ए.टी.व्ही.’ किंवा ‘क्वाड बाइक’ म्हणतात, ते वाहन याच कामाचे मानले जाते. आपल्याकडे ते बहुतेकांनी समुद्रकिनारी अथवा थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरविताना पाहिलेले असते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व अमेरिका येथे मात्र मेंढपाळ व शेतकरी त्यास नित्याच्या कामाला जुंपतात. असे वाहन घेऊ इच्छिणाऱ्याने प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंजिन किती ताकदीचे आणि टायरची नक्षी किती खोल, हे प्रश्न दुय्यम होत. किती ओझे घेऊन, कोणत्या उतारावर ते उलटेल, हा पहिला प्रश्न होय.

या वाहनाचा इतिहासही हेच सांगतो. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेत फुगीर टायरांचे तीनचाकी वाहन विक्रीस आणले. त्याचा मूळ हेतू करमणुकीचा होता. वळणावर ते सहज कलंडत असे. अपघात वाढत गेले, तेव्हा १९८८ साली तेथील ग्राहक-सुरक्षा आयोग व उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन नव्या तीनचाकी वाहनांची विक्री थांबली. तत्पूर्वी, १९८२ साली सुझुकीने चारचाकी वाहन आणले होते व १९८६ साली होंडाने फोर व्हील ड्राइव्ह असलेले वाहन काढले होते. चौथे चाक आले, चारी चाकांना ओढ मिळाली. परंतु अरुंद पाया आणि उंच आसन हा मूळचा दोष उणावला, तरी नाहीसा झाला नाही.

त्याची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली. २०११ ते २०१८ या काळात त्या देशात क्वाड बाइकच्या अपघातांत वर्षाला सरासरी सुमारे १६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कित्येक शेतावर काम करणारी होती. वाहन उलटून अंगावर पडते, माणूस त्याखाली सापडतो आणि छाती दबून गुदमरतो. जवळ कोणी नसल्याने मदतही वेळेवर मिळत नाही. अखेर २०१९ साली तेथील सरकारने सक्तीचे मानक लागू केले. ११ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या वाहनावर ते किती अंशाच्या उतारावर कलंडू लागते, हे सांगणारी चिठ्ठी आवश्यक झाली. ११ ऑक्टोबर २०२१ पासून, सर्वसाधारण कामासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना चालकरक्षक कमान असणे बंधनकारक झाले. शिवाय २८.८१ अंशांपेक्षा कमी आडव्या उतारावर ते दोन चाकांवर उचलले जाता कामा नये, अशीही अट घातली गेली.

काही मोठ्या उत्पादकांनी या नियमास विरोध केला आणि तेथील विक्री बंद करणे पसंत केले. कमान हीच चालकास इजा करू शकेल, त्यापेक्षा हेल्मेट व प्रशिक्षण यांवर भर द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. हेल्मेट व प्रशिक्षण हवेच, याविषयी दुमत नाही. तथापि शेतावरचा माणूस थकलेला असतो, घाईत असतो, त्याचे लक्ष गुरांकडे किंवा पिकाकडे असते. अशा माणसाकडून एखादी चूक होणारच, असे धरून यंत्र बनविले पाहिजे. ट्रॅक्टरच्या बाबतीत संरक्षक चौकटीचे तत्त्व अनेक देशांनी पूर्वीच मान्य केले आहे. मग ट्रॅक्टरहून अधिक सहज उलटणाऱ्या वाहनास ते लागू करू नये, या म्हणण्यात तथ्य दिसत नाही.

२८.८१ अंश म्हणजे १०० फूट आडव्या अंतरात सुमारे ५५ फुटांचा चढ. हा आकडा ऐकून खरेदीदाराने निर्धास्त होऊ नये. हे माप उभ्या वाहनाचे आहे. वळण, एका चाकाखाली आलेला दगड, वेग आणि ओझे यांमुळे प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी उतारावर वाहन उलटू शकते. शेतकामाच्या फोर व्हील ड्राइव्ह वाहनाचे स्वतःचे वजन साधारणतः ३०० किलोंच्या आसपास असते. पुढील जाळीवर सुमारे ४५ व मागील जाळीवर सुमारे ८५ किलो भार घेण्याची मुभा अनेक नमुन्यांत असते. म्हणजे मागे खताची दोन पोती टाकली की मर्यादा ओलांडली जाते. फवारणीची टाकी याहून फसवी. ६० लिटर पाण्याचे वजनच ६० किलो. त्यात टाकी अर्धी भरलेली असेल, तर उतारावर पाणी हिंदकळून खालच्या अंगाला जाते व तोल बिघडवते. जड सामान जाळीवर रचण्यापेक्षा मागे लहान ट्रेलर जोडून त्यात नेणे बरे. मात्र ओढण्याची दोरी किंवा साखळी खालच्या हुकालाच बांधावी. ती जाळीला बांधल्यास चढावर वाहन मागच्या मागे उलटते.

आता चिखलाविषयी. सर्व चिखल सारखा नसतो. कोकणात अनेक ठिकाणी जांभ्याच्या वाटेवर वरचा थर निसरडा असला, तरी खाली कठीण तळ लागतो. तेथे मध्यम नक्षीचा टायर पुरेसा होतो. देशावरच्या काळ्या जमिनीत तसा तळ लवकर लागत नाही आणि चिकण चिखल चाकाच्या खाचांत भरून चाक गुळगुळीत होते. तेथे खाचा रुंद व आपोआप मोकळ्या होणाऱ्या असाव्यात. या वाहनाच्या टायरमध्ये हवा फार कमी, दर चौरस इंचास ५ पौंडांच्या आसपास असते. म्हणूनच तो जमिनीवर पसरतो व कमी रुततो. एवढा कमी दाब साध्या मापकावर नीट कळत नाही. त्यासाठी वेगळा मापक घ्यावा. डाव्या-उजव्या चाकांतील हवा कमीजास्त झाली, तर वाहन एका बाजूस ओढ घेते.

करमणुकीसाठी चिखल तुडविणारे शौकीन मोठ्या व्यासाचे, खोल नक्षीचे टायर बसवितात आणि वाहन उंच करणारे जोडसामान लावतात. शेतकऱ्याने त्यांचे अनुकरण करू नये. वाहन जितके उंच, तितका तोल कच्चा. टायर जितका जड, तितका आस व बेल्ट यांवर ताण अधिक. अनेक नमुन्यांत गियरऐवजी बेल्टद्वारे वेग बदलतो. बेल्टच्या पेटीत पाणी शिरले की तो घसरतो आणि ओढा ओलांडताना वाहन मध्येच थांबते. हवा आत घेणारी नळी किती उंचावर आहे, हे म्हणून खरेदीपूर्वी पाहावे. उतारावर इंजिनचा रोध चारी चाकांना मिळतो काय, हेही विचारावे; घसरड्या वाटेवर केवळ ब्रेकवर विसंबणे धोक्याचे असते. डिफरेन्शियल लॉक चिखलातून बाहेर पडण्यापुरताच वापरावा, कारण तो लावल्यावर हँडल जड होते व वाहन वळण्यास नकार देते.

येथे जमिनीचाही विचार कर्तव्य आहे. ओल्या जमिनीवरून तेच ते चाक फिरले की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि चाकोऱ्या पडतात. उतारावरील चाकोरी पहिल्या मोठ्या पावसात ओघळ बनते. फोर व्हील ड्राइव्हमुळे जेथे जाता येते, तेथे जावेच असे नाही. वाट एकच ठरवावी, ती शक्यतो समपातळीवर आखून दगड-मुरुमाने पक्की करावी. निम्म्या वेळी पक्क्या वाटेची सोय झाल्यावर महाग वाहनाची गरजच उरत नाही, असे आढळून येईल.

हे वाहन ट्रॅक्टरची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भातखाचरातील चिखलणीसाठी पॉवर टिलर किंवा केज व्हील लावलेला ट्रॅक्टर हवा. नांगरणी, रोटाव्हेटर व मोठी फवारणी यांसाठी लहान फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर अधिक उपयोगी पडतो. माणसे व माल दोन्ही न्यावयाचे असतील, तर शेजारी-शेजारी आसने, सुरक्षापट्टे व डोक्यावर चौकट असलेले रुंद वाहन निवडावे. क्वाड बाइक उरते ती एकट्या माणसाने, थोड्या ओझ्यासह, अरुंद वाटेने करावयाच्या कामासाठी. असे काम ज्याच्याकडे वर्षातून मोजकेच दिवस असेल, त्याने ती घेऊ नये, हेच श्रेयस्कर.

तरीही घ्यावयाचे ठरले, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: आडव्या उतारावरील तोलाचा अंश, पुढील व मागील भाराची मर्यादा आणि नोंदणीसंबंधीची माहिती. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. दोन शेतांमधला रस्ता ओलांडणाऱ्यास ही अडचण पहिल्याच दिवशी येईल. सुटे भाग जवळच्या तालुक्याच्या गावी मिळतात काय, याचीही चौकशी करावी. वाहनाची परीक्षा दुकानापुढील डांबरी रस्त्यावर न घेता आपल्या शेतातील वाटेवर, नेहमीचे ओझे लादून, जाणत्या चालकाकडून घ्यावी. चालकरक्षक कमान वाहनासोबतच मागावी. ती नंतर बसवू म्हटले की राहून जाते.

घरात आलेले वाहन मुलांना खेळणे वाटते. मोठ्या इंजिनाच्या या वाहनांसाठी उत्पादक स्वतःच किमान १६ वर्षे वयाची अट सांगतात, आणि ती पाळलीच पाहिजे. एका आसनाच्या वाहनावर मागे दुसरा माणूस बसवू नये, कारण चालकास अंग झुकवून तोल सांभाळता येत नाही. या दोन नियमांना पैसा लागत नाही. घरच्या कर्त्या माणसाचा निश्चय तेवढा लागतो. चिखलात अडकलेले वाहन दोन बैल लावून बाहेर काढता येते, पण उलटलेल्या वाहनाखाली गेलेला माणूस परत आणता येत नाही. खरेदीचा निर्णय घेताना शेतकरी बंधूंनी हा भेद सतत नजरेसमोर ठेवावा.