फुसका बार

यंदाच्या दिवाळी अंकात या सदरात दारूविषयी लिहीन, असे संपादकांना कळवले तेव्हा ते जरा घुटमळले. "आपला अंक घरोघर वाचला जातो हो, आजोबांपासून नातवंडांपर्यंत," असे त्यांनी हळूच सुचवून पाहिले. मी खुलासा केला, की ही दारू पेल्यातली नव्हे, बंदुकीतली. त्याबरोबर त्यांचा जीव भांड्यात पडला. पेल्यातल्या दारूचे नाव काढले की आपण कानांवर हात ठेवतो, आणि डोंगर उडवणारी दारू मात्र आपल्याला घरच्यासारखी वाटते! दिवाळीत तर ती आपण पोरांच्या हातात कौतुकाने देतो.

तर प्रश्न असा, की ही दारू, म्हणजे काडतुसे, गोळे, सगळा दारूगोळा, वर्षानुवर्षे टिकवायचा कसा? प्रश्न लष्कराचा वाटेल; पण त्याचे निम्मे उत्तर आपल्या आई-आजीला ठाऊक होते, असे माझे म्हणणे आहे. त्याकडे ओघाने येऊच.

'फुसका बार' हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो! सभा रंगली नाही, फुसका बार. गाजावाजा झालेला चित्रपट आठवड्यात उतरला, फुसका बार. पण हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याच्यापुढे ना सभा होती ना चित्रपट. त्याच्यापुढे वाघ असेल, रानडुक्कर असेल, नाहीतर शत्रू असेल. त्याने बत्ती दिली असेल आणि नळीतून नुसताच 'फुस्स' असा आवाज आला असेल. त्या बिचाऱ्याचे पुढे काय झाले ते कळायला मार्ग नाही. शब्द तेवढा उरला.

बार फुसका होण्याचे सर्वांत जुने कारण म्हणजे ओल. बंदुकीची जुनी काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, हे तिचे रूढ प्रमाण. यातला गंधक पाण्याला दाद देत नाही. कोळसा मात्र सच्छिद्र. हवेतली ओल तो गुपचूप पिऊन बसतो. सोऱ्यात मिठाचा किंवा तशाच दुसऱ्या क्षाराचा अंश राहिला असेल, तर तोही पावसाळ्यातल्या मिठासारखा पाझरू लागतो. मग सोरा विरघळून दाण्याच्या बाहेर येतो आणि वाळला की वर पांढरा फुलोरा धरतो. अशी दारू उन्हात घातली तर कोरडी दिसेल. पण एकजीव केलेले तीन पदार्थ एव्हाना फारकत घेऊन बसलेले असतात. मोडलेला संसार आणि भिजलेली दारू, दोन्ही नुसती वरून वाळवून भागत नाही.

म्हणून जुन्या कारागिरांनी भुकटीऐवजी दाणेदार दारू करायला सुरुवात केली. दाणा घट्ट असला की ओल आत शिरायला वेळ लागतो. पुढे त्या दाण्यांना ग्राफाइटची, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाची, झिलई देऊ लागले. आणि ठेवायला कोठार हवे ते दगडी. सिंहगडावर पुणे दरवाज्यातून आत शिरले, की उजव्या हाताला एक दगडी इमारत लागते, ते दारूकोठार. पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांच्या ओढीने आपण तिच्याकडे धड पाहतही नाही. गडावरचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला तिचे मोल कळेल. शत्रू काय, कधीतरी यायचा. पाऊस दर वर्षी चार महिने मुक्काम ठोकून असायचा. किल्लेदाराला दोघांशीही लढावे लागे.

पावसाशी ही लढाई हरली की काय होते, ते प्लासीला दिसले. तारीख होती २३ जून १७५७. एका बाजूला सिराज-उद्दौल्याची पन्नास हजारांच्या आसपास फौज, दुसऱ्या बाजूला आमराईच्या आडोशाने उभी असलेली क्लाइव्हची तीन हजारांची. दुपारच्या सुमाराला जोराची सर आली. इंग्रजांनी आपल्या दारूगोळ्यावर ताडपत्र्या टाकल्या. नवाबाची दारू मात्र भिजली. आपल्यासारख्या इंग्रजांच्या तोफाही बंद पडल्या असतील, अशा समजुतीने नवाबाचा एकनिष्ठ सरदार मीर मदन चालून गेला, आणि कोरड्या तोफांच्या माऱ्यात पडला. प्लासीचा खरा घात मीर जाफरच्या फितुरीने केला, हे खरेच. पण फितुरीच्या जोडीला ताडपत्रीही होती, हे आपण विसरतो.

शंभर वर्षांनी पुन्हा ओल इतिहासात शिरली, ती उलट्या बाजूने. नव्या एन्फील्ड बंदुकीचे काडतूस कागदाचे. गोळी नळीत सहज उतरावी आणि आतल्या दारूला ओल लागू नये, म्हणून त्याला वंगण फासलेले असे. इथल्या हवेत हे वंगण टिकते की नाही, याची परीक्षा घेण्यासाठी १८५३ मध्येच अशी काडतुसे हिंदुस्थानात आणली होती. शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांतून ती महिनोन्महिने हिंडवली. वंगण कशाचे आहे ते नीट पाहिल्याशिवाय ती शिपायांच्या हाती देऊ नका, असे कर्नल टकर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी डिसेंबरात कळवले होते. त्याचे कोणी ऐकले नाही. गाईच्या आणि डुकराच्या चरबीची बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमला फुटली आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे पुष्कळ होती. काडतूस ही फक्त ठिणगी. पण गंमत पाहा, हवेचा चरबीवर काय परिणाम होतो ते साहेबांनी वर्षानुवर्षे तपासले, चरबीचा माणसांवर काय परिणाम होईल ते तपासले नाही.

पुढे पितळी काडतुसे आली. आता पाणी आत जाणार कुठून, असे सर्वांना वाटले. पण इथल्या इंग्रजी फौजेत एक चमत्कारिक रोग सुरू झाला. कोठीत पडल्या पडल्या, कोणी हात न लावता, काडतुसांच्या पितळेला तडे जाऊ लागले, विशेषतः गोळी आवळून बसवलेली असते त्या मानेशी. तेही पावसाळ्यात. म्हणून इंग्रजीत या रोगाचे नावच 'मोसमी तडा' अशा अर्थाचे पडले. त्याचा नीट उलगडा झाला तो १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले, की गुन्हेगार एक नव्हे, तीन आहेत. पहिला म्हणजे पितळ थंडपणी ओढून-दाबून घडवताना त्यात राहिलेला ताण. दुसरी हवेतली ओल. तिसरा अमोनिया वायू. हा अमोनिया आला कुठून? तर घोड्यांच्या पागेतून! पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांजवळ ठेवलेली असत, आणि तबेल्यात शिरताच जो उग्र वास नाकात चढतो तो घोड्यांच्या मुताचा, म्हणजेच अमोनियाचा. उपाय सोपा निघाला. घडवून झालेले पितळ बेताने तापवायचे, म्हणजे त्यातला ताण उतरतो. आणि पागेशी शेजार करायचा नाही.

काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली तेव्हा आणखी एक धडा मिळाला. ही दारू सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनते. उष्णता आणि ओल यांनी ती हळूहळू आतून कुजते, तिच्यातून आम्ल सुटते, आणि ते आम्ल उरलेल्या दारूला आणखी कुजवते. १२ मार्च १९०७ रोजी तूलाँ बंदरात 'येना' या फ्रेंच युद्धनौकेचा स्फोट होऊन सुमारे १२० माणसे गेली. जुनी होऊन बिघडलेली दारू आपोआप पेटली, असा ठपका ठेवला गेला. तेव्हापासून हे आम्ल शोषणारी द्रव्ये अशा दारूत घालण्याची काळजी सर्वत्र घेतली जाऊ लागली. म्हणजे ओलीने सादळलेली काळी दारू नुसती रुसते. बिनधुराची बिघडली तर प्रसंगी घरच पेटवते.

हे सगळे मोठ्या फौजांचे झाले. लहान प्रमाणावर हीच लढाई माझे एक मामा कोकणात लढत. डुकरांपासून भातशेती राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी होती. त्या वेळची काडतुसे कागदी नळीची, बुडाला पितळी टोपण. आषाढात कागद फुगला की काडतूस नळीत शिरतच नसे. म्हणून मामा वैशाखातल्या कडक उन्हाच्या दिवशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा कोरडा करीत, त्यात काडतुसे रचीत, कढईत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी मध्ये ठेवीत आणि झाकणाच्या कडेने मेणबत्तीचे मेण ओतीत. डब्यावर साल लिहिलेले असे. मग डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली जानव्याला.

"अहो, माझ्या पापडांना धड डबा नाही, आणि तुमच्या काडतुसांचे हे लाड!" मामी म्हणायची.

"अगं, पापड सादळला तर ताटावर भांडण होतं. काडतूस सादळलं तर रानात डुकराशी होतं," मामा म्हणत.

एका रात्री शेताच्या बांधावर त्यांनी चाप ओढला आणि नुसताच 'टक्' असा आवाज झाला. बरोबरचा पोरगा म्हणाला, "काका, उघडा, दुसरं घाला!" मामांनी बंदूक हलवलीसुद्धा नाही. नळी निर्धोक दिशेला रोखून धरून त्यांनी मनात सावकाश तीसपर्यंत आकडे मोजले. मग म्हणाले, "ते मेलं आहे असं समजू नकोस. आत धुमसत असेल, तर उघडल्यावर तोंडावर फुटेल." आणि कधी बार नेहमीपेक्षा हलका वाजला, तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय ते दुसरे काडतूस घालीत नसत. आत काही अडकले असेल तर पुढच्या बाराला नळीच फाटते. संशय आलेले काडतूस त्यांनी कधी चुलीपाशी शेकले नाही. तसली काडतुसे बाजूला ठेवून ते पोलीस ठाण्यात कळवीत आणि ते सांगतील तिथे जमा करीत.

आता आई-आजीकडे येतो. पावसाळ्याच्या बेगमीचे त्यांचे नियम आठवा. माल आधी वाळवायचा, मगच भरायचा. भरायचा तोही कोरड्या दिवशी. जुलैत बंद केलेल्या डब्यात जुलै महिनाच कोंडला जातो. डबे जमिनीवर नाहीत, पाटावर. भिंतीला चिकटून नाहीत, हातभर सोडून. पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि मोरीच्या भिंतीलाही नको, कारण तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यात डबा आतून घामेजतो. एकाचा वास दुसऱ्याला लागेल असा शेजार नको. जुने आधी संपवायचे, नवे मागे सारायचे. आणि अधूनमधून झाकण उघडून पाहायचे.

दारूगोळ्याच्या कोठारात याहून निराळे काय असते? पेट्या लाकडी फळ्यांवर, चारी बाजूंनी हवा खेळती. तपमान शक्य तितके सारखे. पेटीच्या झाकणाला रबरी पट्टी, काडतुसाच्या टोपीभोवती ओल अडवणारा रोगणाचा थर, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. नव्या जोड्याच्या खोक्यातली जी पुडी आपण फेकून देतो, तीच ही. तिचे रंगीत निळे मणी गुलाबी झाले की समजावे, तिची तहान भागली, आता बदला. शेजाराचा नियमही तोच. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली पितळी काडतुसे कळकतात, अगदी पितळी भांड्यातल्या ताकासारखी. फरक एकच. घरातल्या काडतुसाला डब्याच्या जोडीने कुलूपही हवे, आणि पोरांना त्याची किल्ली कुठे असते ते माहीत नको.

या साऱ्या नियमांत मला सर्वांत मोठा वाटतो तो झाकण उघडून पाहण्याचा. ठेवणे म्हणजे विसरणे नव्हे. अडीअडचणीसाठी जे राखून ठेवतो, ते आपण बहुधा अडचण आली तरच बघतो. आणि ओल तर रोज येते, पायांचा आवाज न करता. बरे, हे बघण्याचे काम सोपेही नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेल्या जवानांचे प्राण गेले. आपण ज्याचा विचारही करीत नाही, त्या मालावर कोणीतरी रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेले असते, म्हणून आपल्याला विचार करावा लागत नाही.

आपल्या घरातही सध्या लहानसे दारूकोठार असेल. मागच्या दिवाळीत उरलेले फटाके कपाटावरून निघतील, हाताला थंड लागतील, आणि कोणीतरी म्हणेल, तव्यावर जरा गरम करू या. करू नका. न उडालेल्या फटाक्यावर वाकून 'का बरे उडाला नाही' याचा अभ्यासही करू नका. थोडा वेळ जाऊ द्या, मग लांबूनच पाणी ओता आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. ओल ही दारूची जन्माची वैरीण खरी. पण फुसक्या बाराच्या बाबतीत तिच्याइतकी भरवशाची मैत्रीण दुसरी नाही.