आधी तपास, मग निकाल

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,

या पानावर मी दर वेळी परीक्षा, निकाल, स्नेहसंमेलन यांविषयी लिहिते. या वेळी आपल्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सात नंबरच्या मशीनविषयी लिहिते आहे. त्या मशीनच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली आणि ती सगळ्यांसमोर कबूल करणे मला जरुरीचे वाटते.

गणेशोत्सवाच्या आधीची गोष्ट. अकरावीचा एक विद्यार्थी सात नंबरवर शाळेच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ जोडत होता. अचानक पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटले, आडव्या रेघा आल्या आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळाने चालू केले तर मशीन ठीक, पण व्हिडिओचे काम सुरू केले की दहा मिनिटांत पुन्हा तेच. लॅबमध्ये कुजबुज झाली, "हा गेम खेळत असणार, ह्यानेच ग्राफिक्स कार्ड जाळलं." दुरुस्तीवाला आला, पाच मिनिटे बघून म्हणाला, "कार्ड गया, मैडम. मशीन भी पुरानी है, नई ले लीजिए."

मी त्याच दिवशी मुलाच्या वडिलांना बोलावले. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "मॅडम, किती भरायचे ते सांगा. एकदम जमणार नाही, हप्त्याने देतो." मुलगा मान खाली घालून शेजारी उभा होता.

ते वाक्य रात्रभर टोचत राहिले. मी बी.एस्सी. झाले ती हिंदी माध्यमातून. प्रयोगवहीत आम्ही क्रमाने लिहीत असू : उपकरण, विधि, प्रेक्षण, निष्कर्ष. तुम्ही मराठीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान लिहिता. वरचे सगळे कोरे ठेवून कोणी थेट अनुमान लिहिले, तर मी शून्य गुण देते. आणि त्या दिवशी मी स्वतः नेमके तेच केले होते.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या सरांना आणि बारावीच्या दोन मुलींना सांगितले, वही घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दिसेल ते लिहा. त्यांनी केलेला तपास तुमच्याही घरी उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देते.

पहिला संशय मॉनिटरवर. पडद्यावर चौकोन आले असताना मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला. हा मेनू कॉम्प्युटर काढत नाही, मॉनिटरच काढतो. मेनू स्वच्छ दिसला. म्हणजे बिघाड मॉनिटरच्या आधी कुठेतरी होता. केबल बदलली, दुसरा मॉनिटर लावला, चौकोन तसेच.

मग ड्रायव्हर. जुना काढून नवा टाकला. कधीकधी नुसत्या ड्रायव्हरच्या गोंधळानेही पडदा क्षणभर काळा होतो, म्हणून ही पायरी चुकवू नये. फरक पडला नाही.

मग तापमान. मशीन स्वस्थ असताना कार्ड ६५ अंशांवर होते, काम सुरू करताच काही मिनिटांत ९७. वीज बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडले, तर कार्डाचा पंखा फिरतच नव्हता. त्यावर धुळीचा नमदा बसला होता. धूळ काढली, पण पंख्याची मोटर गेलेली. मग कॅबिनेट उघडे ठेवून समोर टेबल फॅन लावला. तापमान ७० च्या खाली राहिले, तरी चौकोन आलेच. आता तर मशीन चालू करताच, विंडोज सुरू होण्याच्या आधीच दिसू लागले. त्या वेळी ड्रायव्हर कामाला लागलेलाच नसतो, म्हणजे त्याचा दोष नव्हता.

शेवटी अदलाबदल. सातचे कार्ड चार नंबरच्या मशीनमध्ये लावले. चौकोन तिकडे गेले. चारचे कार्ड सातमध्ये लावले, दोन तास काम केले, काही झाले नाही. म्हणजे सातचा वीजपुरवठा, रॅम, मदरबोर्ड सगळे ठीक, बिघाड कार्डातच. नंतर कार्ड न लावताच केबल मदरबोर्डाच्या स्वतःच्या पोर्टला जोडली. टायपिंग, इंटरनेट, प्रोग्रॅमिंग सगळे व्यवस्थित चालले.

तेव्हा दुरुस्तीवाला अर्धाच बरोबर होता. कार्ड गेले होते, मशीन गेले नव्हते. आणि मुलाचा तर काहीच दोष नव्हता. मशीनवर एकही गेम सापडला नाही. सापडला असता तरी जड चित्रांचे काम करण्यासाठीच हे कार्ड असते. धडधाकट कार्ड गेमने जळत नाही, जास्त तापले तर ते आपला वेग आपणच कमी करते. बंद पंख्याने महिनोन्‌महिने तापत राहिलेल्या कार्डाची गोष्ट वेगळी. हे कॅबिनेट शेवटचे कधी उघडले होते, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. उन्हाळ्यात इथली धूळ खिडकीतून कशी आत येते ते आपण सगळे जाणतो. निष्काळजीपणा आमचा, आणि जाब विचारला मुलाला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कार्ड कधी बनावटीतल्या दोषानेही जाते. २००८ साली एनव्हिडिया या कंपनीला लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर करावी लागली होती. तेव्हा मशीन बिघडले की समोर बसलेलाच दोषी, हे गृहीत धरणे सोडून द्यावे.

विश्वस्त मंडळींपैकी काहींचे मत आहे की जुनी मशीन काढून टाकावीत, नवीसाठी देणगीदार मिळतील. त्यात तथ्य आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. ज्या मशीनवर नवी प्रणाली चालणार नाही, त्यांचा विचार करावाच लागेल. पण तो नोंदी बघून करावा, घाबरून नव्हे. नवे मशीन त्याच धुळीत ठेवले तर त्याचीही हीच गत होईल. उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात, पंखा पुसायला कोणी येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. दर वर्षीच्या अंदाजपत्रकात लॅबच्या देखभालीसाठी वेगळी रक्कम ठेवावी. उन्हाळ्यानंतर आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा सफाई व्हावी. प्रत्येक मशीनची नोंदवही असावी. निकामी भाग भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत, २०२२ च्या ई-कचरा नियमांचाही रोख तोच आहे.

पालकांना शब्द देते की यापुढे लेखी तपास झाल्याशिवाय कोणाकडूनही भरपाई मागितली जाणार नाही. तुम्हीही पैसे भरायला तयार होण्याआधी तपासाची वही मागा, तो तुमचा हक्क आहे. विद्यार्थ्यांना एवढेच सांगते, बिघाड दिसला की लपवू नका, लगेच सांगा. सांगणाऱ्याला रागावणार नाही.

त्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या वडिलांची मी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागितली आहे. आरोप लॅबमध्ये सगळ्यांच्या देखत झाला होता, माफी केबिनमध्ये मागून भागले नसते. सात नंबरची नोंदवही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर अनुमानाच्या वर निरीक्षणे लिहिलेली आहेत. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर यावे.

आपली,
प्राचार्या