अर्ध्या तासाचा नेम

गेल्या रविवारी चेन्नईच्या बेझंट नगरातील आमच्या वसाहतीत नववर्षाच्या आरोग्यसंकल्पाची जी पत्रिका दारोदार वाटली गेली, तीत पंचविशीतल्या तरुणापासून गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजींपर्यंत सर्वांना रोज दहा हजार पावलांचे एकच फर्मान सोडलेले पाहून मला मनापासून खेद झाला; कारण असे संकल्प पोंगलपर्यंतही टिकत नाहीत हे या स्तंभाच्या वाचकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि मोडलेल्या संकल्पासरशी माणसाची पुन्हा उभारी धरण्याची उमेदही खचते.

हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राबरोबर तो रूढ झाला. आणि राज्य सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात बेझंट नगरातून आरंभिलेला आठ किलोमीटरांचा आरोग्यपथ साधारण तितक्याच पावलांचा आहे. ज्यांना झेपेल त्यांनी तो अवश्य चालावा.

परंतु याच शहरात डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला मधुमेहप्रतिबंधाचा प्रयोग या दहा हजारांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ स्त्रीपुरुषांपैकी ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातील ५५ टक्के तीन वर्षांच्या मुदतीत मधुमेही झाले. ज्यांना आहाराचे पथ्य व रोज किमान अर्धा तास झपाझप चालण्याचा नेम घालून दिला होता, त्यांच्यात हेच प्रमाण ३९.३ टक्के राहिले, आणि तेही वजनात लक्षणीय घट झालेली नसताना! ज्यांचा दिवस मुळातच अंगमेहनतीचा होता, त्यांच्यावर नवा बोजा न लादता आहे तेच चालू ठेवण्यास सांगण्यात आले. नेम लावून देऊन संशोधक स्वस्थ बसले नाहीत: प्रथम दोन आठवड्यांनी, पुढे दरमहा दूरध्वनीवरून विचारपूस, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट, असा क्रम त्यांनी चालविला. प्रयोगाच्या अन्य गटांना दिलेल्या औषधाहून ही विचारपूस मला अधिक मोलाची वाटते, कारण कोणीतरी आपल्याला विचारणार आहे या जाणिवेनेच आळसावलेला मनुष्य पायांत चपला सरकवतो.

हा अर्धा तास स्वतःच्या दारापासून सुरू होणारा असावा, आणि येथे पदपथांविषयीची माझी जुनी तक्रार पुन्हा मांडणे भाग आहे. विजेच्या पेट्या, दुचाकी आणि उखडलेल्या फरशा चुकवीत चालावे लागणाऱ्या वृद्धेने आपला नेम सोडला, तर तो दोष तिच्या निश्चयाचा मानण्यास मी तयार नाही. पुढचा आरोग्यपथ आखण्यापूर्वी महापालिकेने प्रत्येक वसाहतीच्या फाटकापासून दूधकेंद्रापर्यंतचा पदपथ मोकळा करण्याची तजवीज करावी, आणि आमच्या वसाहतीच्या कार्यकारिणीने पुढील पत्रिकेत दहा हजारांच्या जागी अर्धा तास लिहून, दरमहा कोण कोणाची विचारपूस करील त्याची यादी खाली जोडावी.