ज्यूरीने ठसे मागितले तर बिघडले कुठे?

ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकेत ‘सीएसआय’ ही मालिका सुरू झाली आणि काही वर्षांतच तिथले सरकारी वकील तिच्या नावाने खडे फोडू लागले. तासाभरात डीएनए जुळवून गुन्हेगार पकडणारी प्रयोगशाळा पाहून ज्यूरीतले लोक खऱ्या खटल्यातही तसलाच पुरावा मागतात आणि तो नसला की आरोपीला सोडतात, अशी त्यांची तक्रार. 2005 मध्ये ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत झालेल्या पाहणीत 38 टक्के सरकारी वकिलांनी यापायी किमान एका खटल्यात शिक्षा हुकल्याचे सांगितले. पण ही साक्ष हितसंबंधी साक्षीदाराची. ज्यूरीसाठी बोलावलेल्यांनाच विचारले ते मिशिगनमधले न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी, 2006 मध्ये. 1,027 जणांपैकी 46 टक्क्यांना प्रत्येक फौजदारी खटल्यात काहीतरी शास्त्रीय पुरावा अपेक्षित होता आणि मालिका पाहणाऱ्यांत ही अपेक्षा अधिक होती. इथवर वकिलांचे म्हणणे खरे. मात्र असा पुरावा नसेल तर दोषी ठरवायचे की नाही, या प्रश्नावर मालिका पाहणारे आणि न पाहणारे यांच्यात बहुतेक बाबतीत लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणजे तक्रारीचा पाया भक्कम, पण कळस हवेत.

मग रॉबर्ट ब्लेकचे काय, असे कोणी विचारील. या अभिनेत्याला मार्च 2005 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने पत्नीच्या खुनातून निर्दोष सोडले, तेव्हा तिथल्या मुख्य सरकारी वकिलाने ज्यूरीला उघडउघड मूर्ख ठरवले. खरे तर खटल्याची भिस्त दोन स्टंटमनांवर होती आणि त्यांच्या व्यसनांमुळे त्यांची विश्वासार्हताच उरली नाही. पिस्तूल ब्लेकच्याच हातात होते, असे खात्रीने दाखवणारेही काही नव्हते. त्याच वर्षी, त्याच काउंटीत, दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने त्यालाच मृत्यूस जबाबदार धरले. तिथे त्याची स्वतःची साक्ष झाली, हे मान्य. पण मोठा फरक असा, की दिवाणीत वाजवी संशयापलीकडची सिद्धता लागत नाही. टीव्ही दोन्ही ज्यूरींच्या घरी तोच होता.

मालिकांचा खरा अपाय उलट बाजूचा आहे. पुरावा मागणे हा ज्यूरीचा हक्कच. मिळालेला पुरावा डोळे मिटून गिळणे घातक. पडद्यावरची प्रयोगशाळा चुकत नाही. (आपल्याकडे ज्यूरी उरली नाही, पण ‘सीआयडी’तल्या डॉ. साळुंख्यांच्या अहवालावर तरी कोणी शंका घेतली?) प्रत्यक्षात 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयने ऑरेगॉनमधल्या एका वकिलाचे ठसे जुळल्याचे छातीठोकपणे सांगून त्याला अटक केली, स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले, तेव्हा तो सुटला. 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने तर डीएनए वगळता कोणतीही पद्धत एखादा पुरावा विशिष्ट व्यक्तीचाच असल्याचे खात्रीने सिद्ध करू शकत असल्याचे दिसलेले नाही, असे बजावले. आणि 2015 मध्ये खुद्द एफबीआयने कबूल केले, की केसांच्या सूक्ष्मदर्शकी तुलनेवर तज्ज्ञांनी आरोपीविरुद्ध साक्ष दिलेल्या ज्या 268 खटल्यांची तपासणी झाली, त्यांपैकी 257 मध्ये साक्ष सदोष होती. या खटल्यांत मृत्युदंड ठोठावलेल्यांपैकी नऊ जणांना तोवर देहान्त देऊन झाला होता.